दारफाळणीच्या दिवशी दाराबाहेर

सुरंगी | ३ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

काल दसरा. चारच्या सुमारास आपट्याची पानं घेऊन शेजारच्या मावशींकडे गेले तर दाराला कुलूप. मग एकदम आठवलं, आज त्यांचीही दारफाळणी. सोनं उंबऱ्यावर ठेवलं आणि परत आले.

आम्ही अलिबागचे. मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. जन्म इथलाच, शाळा इथलीच, बोलणं आमच्याहून अस्सल अलिबागी. मुलगे इस्रायलला गेले, त्या आणि त्यांची धाकटी बहीण मागे राहिल्या. या दिवशी दोघी पांढरी साडी नेसून सकाळीच इस्रायल आळीतल्या सिनेगॉगमध्ये जातात आणि तारे दिसल्यावरच घरी येतात. पाण्याचा थेंब नाही की फोन नाही.

रात्री आठला मी पुन्हा गेले. मावशींनी काळ्या मनुकांचं सरबत पिऊन उपास सोडला होता, चहा समोर होता, आणि दिवसभर बंद असलेला फोन नुकताच उघडला होता. मेसेजवर मेसेज येत होते. मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला होता, ऐन योम किप्पुरच्या प्रार्थनेच्या वेळी. एकाने आधी गाडी अंगावर घातली, मग चाकू घेऊन आत शिरायला बघत होता. आतल्या लोकांनी, त्यांच्या रब्बींनी म्हणजे धर्मगुरूंनी, दार आतून दाबून धरलं. दोन माणसं गेली. त्यातला एक तर पोलिसांची गोळी लागून गेला, असं आज कळतंय.

मावशींची भाची लंडनला असते, मँचेस्टरला नाही. तरी तिचा आवाज ऐकेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. साय धरली कपावर. मग मला म्हणाल्या, "त्यांचीपण दारफाळणीच होती गो. फक्त त्यांना दार खरंच धरायला लागलं."

कालपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी श्रद्धाळू आहे. रात्री देवापुढे दिवा लावताना त्या लोकांसाठी हात जोडले. पण पुढे काय? आपण इथे बसून नुसती प्रार्थना करायची? आणि आपली प्रार्थना त्यांना चालते का? इथे कुणी बेने इस्रायली आयडी असतील तर सांगा.

अर्धाकप | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

चांगला धागा. अडाणी प्रश्न: दारफाळणी म्हणजे काय? जन्म पुण्यात गेला, लाल देवळावरून रोज कॉलेजला जायचो. पण ते ज्यूंचं आहे आणि डेव्हिड ससूनने बांधलंय, यापलीकडे काही माहीत नाही.

तळ्याकाठचा | ४ ऑक्टोबर, सकाळी ११:५५

@सुरंगी, तुमच्या मावशींना माझा शालोम सांगा. मी ठाण्याचा, बेने इस्रायली.

@अर्धाकप, अडाणी कसला, आमच्या नव्या पिढीलाही हा शब्द माहीत नाही. कोकणात आमच्या लोकांचा बाहेरच्या ज्यूंशी कित्येक शतकं संबंध नव्हता. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आमची परंपरेतली गोष्ट. पोथ्या समुद्रात गेल्या. राहिली ती 'शमा' ही एक प्रार्थना, सुंता, खाण्याचे काही नियम आणि शनिवार. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून लोक म्हणायचे शनिवार तेली. सणांची हिब्रू नावं विसरली, मग आमच्या माणसांनी मराठी नावं पाडली. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. एक खिरीचा सण. तिशा बेआव हा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, बिरड्यावरून नाव. आणि योम किप्पुर म्हणजे दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, दिवसभर बाहेरच्या कुणाशी संबंध नाही, देव आणि आपण.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच. आमच्याकडे दार लावायचं ते मन आत वळवण्यासाठी. शेजारी कोळी, आगरी, माळी, मुसलमान. दाराबाहेर कोण उभं आहे याची भीती म्हणून कुणी दार लावलं, असं माझ्या आजीने कधी सांगितलं नाही. आणि तिकडे जर्मनीत हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ ला, योम किप्पुरलाच, एकजण बंदुका आणि घरी बनवलेले बाँब घेऊन सिनेगॉगच्या दारावर आला. आत पन्नासएक माणसं. लाकडी दार, गोळ्या झाडल्या तरी उघडलं नाही. त्याने मग रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईला आणि कबाबच्या दुकानातल्या एका तरुणाला मारलं. त्या वेळी सिनेगॉगबाहेर पोलीस पहाराच नव्हता. ते गोळ्यांनी चाळण झालेलं दार नंतर काढून तिथेच अंगणात स्मारक म्हणून उभं केलंय.

प्रार्थना चालते का? चालते हो. तेहिलीम म्हणजे स्तोत्रं, त्यातलं १२१वं आम्ही संकटात म्हणतो, 'मी डोंगरांकडे डोळे वर करतो' असं सुरू होतं ते. तुम्ही तुमच्या भाषेत तुमच्या देवाला सांगा. फक्त आमच्यासाठी करताना आम्हाला बदलायची प्रार्थना करू नका, एवढंच. तसेही लोक भेटतात, म्हणून बोललो.

भोचक | ४ ऑक्टोबर, दुपारी १:३०

टायमिंग छान. गाझात ६०,०००हून जास्त माणसं मेली म्हणून तिथलं आरोग्य खातं सांगतंय, त्यांच्यासाठी कुठे धागा दिसला नाही. दोन गेले की लगेच दिवा.

खाडीपलीकडे | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

@भोचक, गाझाच्या लेकरांचे फोटो बघून माझ्या घरी जेवण जात नाही, तेव्हा ते दुःख माझ्याकडून शिकायची गरज तुम्हाला नसावी आणि मला तुमच्याकडून नाही. मी मुसलमान आहे, पनवेलचा. पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगवरून लहानपणी शाळेत जायचो. मँचेस्टरचा म्हातारा देवाचं नाव घ्यायला गेला होता. त्याने गाझावर कुठला बाँब टाकला? नेतन्याहूचा हिशोब त्याच्याकडून वसूल करायचा तर मग मुंबईत काही झालं की माझ्या अब्बांकडून वसूल करणारे जे लोक आहेत, त्यांचं काय चुकतं?

१९९३ चं आठवतंय मला. दारं आम्हीही धरली आहेत.

अर्धाकप | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

@खाडीपलीकडे +१. शेवटची ओळ वाचून गप्प झालो.

संपादक मंडळ | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

'इस्रायलकडून शिका, इथेही तसंच ठोका' या आशयाचे दोन प्रतिसाद आणि त्यांवरचे उपप्रतिसाद उडवले आहेत. विषय ज्यू समाजाला आधार देण्याचा आहे. इतर हिशोब दुसरीकडे.

तळ्याकाठचा | ४ ऑक्टोबर, रात्री ९:४८

आभार, संपादक. ते उडवलेले प्रतिसाद मी वाचले होते. खरं सांगू, भोचक यांच्यापेक्षा त्यांचाच त्रास जास्त झाला. आमच्या दुःखाची काठी करून दुसऱ्याच्या पाठीत घालायची, याला आधार म्हणत नाहीत. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत आता बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. ती शाळा आमच्या समाजाने काढली, १८७५ साली, हाईम सॅम्युएल किहीमकर आणि मंडळींनी. कलकत्त्याच्या सिनेगॉगांची देखभाल पिढ्यान् पिढ्या मुसलमान कुटुंबं करत आलीत. आम्हाला कुणाविरुद्ध उभं करू नका.

आणि भोचक, सरकारवर टीका करा. आमच्यातही करणारे भरपूर आहेत, शनिवारी दुपारी जेवताना येऊन ऐका. टीका कुठे संपते आणि दुसरं काय सुरू होतं हे ओळखायची माझी साधी खूण: सिनेगॉगचा पत्ता शोधावा लागला की ते दुसरं.

गोंयचो_पावस | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

"भारतात ज्यूंना कधीच त्रास झाला नाही" हे वाक्य अजून धाग्यात आलं नाही, येईलच. म्हणून आधीच लिहितो.

गार्सिया द ऑर्ता. पोर्तुगीज वैद्य, गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे भाड्याने होतं. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. घराणं ज्यू, बळजबरीने ख्रिस्ती केलेलं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. मेलेल्या माणसालाही सोडलं नाही. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, चर्चच्या समोर. तिथल्या बाकावर बसून भेळ खाणाऱ्यांना हे माहीत नसतं. मलाही चाळिशीपर्यंत नव्हतं.

आपल्या लोकांनी त्रास दिला नाही हे खरं, अभिमानाची गोष्ट आहे. 'आपल्या भूमीवर' झाला नाही हे मात्र खरं नाही. आणि २६/११ चं नरीमन हाऊस तर कालपरवाचं. सहा जणांना तिथे मारलं. रब्बी होल्त्सबर्ग, त्यांची बायको रिवका. दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या त्याच्या आयाने बाहेर काढलं.

अर्धाकप | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:३३

@गोंयचो_पावस, यात भर. आपला त्रास देण्याचा प्रकार वेगळा, बेफिकिरीचा. पुण्यात फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. खारघरमध्ये २००६ साली हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं होतं, ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर नाव बदललं. आमच्या कॉलेजात शिस्तीच्या सरांना लाडाने हिटलर म्हणायचे. मीही म्हणायचो. कुणाचं वाईट चिंतून नव्हे, पण वर्गात एक रोहेकर आडनावाचा मुलगा होता आणि तो कधी हसायचा नाही. तेव्हा वाटायचं, शिष्ट आहे. तो बेने इस्रायली होता हे पंधरा वर्षांनी कळलं.

माझ्यापुरतं मी त्या शब्दापासून सुरुवात करतो.

नेगेव्हची_उन्हं | १४ ऑक्टोबर, पहाटे २:५०

धागा वर काढते. मी इस्रायलमधल्या दिमोनात राहते, आईवडील रेवदंड्याकडचे, १९६० च्या दशकात आले. घरात अजून मराठी. माझ्या मराठीच्या चुका पोटात घाला.

काल गाझातले उरलेले जिवंत ओलीस सुटले, वीस जण. ७ ऑक्टोबर २०२३ ला २५१ जणांना नेलं होतं. दोन वर्षं आमच्या सिनेगॉगात शनिवारच्या शब्बातला 'अखेनू' म्हटली जायची, कैदेत आणि संकटात असलेल्या भावंडांसाठीची प्रार्थना. काल पहिल्यांदा ती म्हणताना आई मध्येच थांबली आणि हसायला लागली. मग रडली.

आज मलीद्याचा घाट घातला. एलियाहू हनबीला, म्हणजे एलियाहू प्रेषिताला, नवस बोलला होता ना! इथे जाडे पोहे मिळत नाहीत तसे, बीरशेव्याच्या भारतीय दुकानातून आणले. धुवून निथळत ठेवले, त्यात गूळ, खोवलेलं खोबरं (गोठवलेलं, काय करणार), वेलची, जायफळ, पिस्ते. ताटात मधोमध डोंगर, भोवती फळं. शेजारीण मोरोक्कन, तिला हे सगळं फार अजब वाटतं पण दोन वाट्या नेते.

जूनमध्ये इराणचे क्षेपणास्त्रहल्ले झाले तेव्हा बीरशेव्याच्या सोरोका इस्पितळावर एक पडलं. माझी पाळी तिथे असते, त्या दिवशी नव्हती. आमची इमारत जुनी, घरात 'ममाद' म्हणजे सुरक्षित खोली नाही, खाली सार्वजनिक तळघरात पळावं लागतं. ऐंशीच्या पुढच्या चारपाच कोकणी म्हाताऱ्या, जिना उतरताना एकमेकींना "सावकाश गो, मेलं तरी चालेल पण पाय मोडू नको" म्हणतात. त्या तळघरात एका रात्री कुणीतरी मराठी कीर्तनातलं पद सुरू केलं, आमच्या लोकांनी दाविद राजावर कीर्तनं रचली होती ना जुन्या काळी, तसलं. शेजारच्या रशियन बायकांनी टाळ्या धरल्या.

तुम्ही विचारलंत काय करावं. ओळखीच्यांना फोन करा. "तिकडे काय चाललंय?" असं नका विचारू, ते टीव्हीवर दिसतं. "जेवलीस का?" विचारा. १९६२ च्या सुमारास इथल्या रब्बींनीच आमच्या ज्यूपणावर शंका घेतली, लग्नं अडवली. उपोषणं, धरणी करून १९६४ मध्ये ते मिटलं. तेव्हा बाबा म्हणायचे, जगात आपल्याला कुणी 'तू कोण?' असं न विचारता पाट मांडला तो अलिबागेत. तो पाट अजून आहे का एवढंच बघायचं असतं आम्हाला.

सुरंगी | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:०२

आहे ग बाई. ये.

खाडीपलीकडे | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

ताई, मलीदा पोहोचला. दोन्ही बाजूंची माणसं घरी जेवोत, आमीन.

अर्धाकप | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

@तळ्याकाठचा, आम्ही चारपाच जण सिनेगॉगला भेट द्यायचं म्हणतोय. चालतं का? काय पाळायचं?

तळ्याकाठचा | १४ ऑक्टोबर, रात्री ११:१६

चालतं, पण आधी कळवून या. बाहेर पोलीस असतात, ओळखपत्र लागतं, राग मानू नका. २००८ नंतर हे असंच आहे. डोकं झाका, साधा रुमालही चालेल. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत फोटो नाही, फोन नाही. खाऊ आणायचाच तर अख्खी फळं आणा, कोशरची म्हणजे आमच्या खाण्याच्या नियमांची कटकट नको. योम किप्पुरला 'हॅपी' म्हणू नका, तो उपास आहे.

आणि एक गोष्ट, ती बाहेरच्या माणसाला कळत नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, मिनियान म्हणतात त्याला. कोकणातल्या कितीतरी सिनेगॉगांत ते दहा जमत नाहीत. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६,००० च्या वर ज्यू होते, आता पाच हजारांच्या आत. दहावा माणूस तुम्ही होऊ शकत नाही, नियम आहे. पण ठाण्यामुंबईहून दहावा माणूस गाडीने आणून सोडू शकता! आमच्या एका काकांना रोहे लाईनच्या गावात कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला त्यांचा कुणबी मित्र वर्षानुवर्षं नेतो. आत जाऊन शेवटच्या बाकावर बसतो, टोपी घालून. 'आमेन' मात्र सगळ्यांच्या आधी म्हणतो.

कांदेपोहे_सिडनी | १६ डिसेंबर, सकाळी ६:३०

हा धागा ऑक्टोबरमध्ये नुसता वाचला होता. तेव्हा वाटलं नव्हतं इथून लिहावं लागेल.

परवा रविवारी, हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या पहिल्या संध्याकाळी, सिडनीत बाँडाय किनाऱ्यावर मेणबत्ती लावायच्या कार्यक्रमात गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली. लहान मुलं घेऊन आलेले लोक होते, फेस पेंटिंग वगैरे चालू होतं. एकाची बंदूक हिसकावून घेणारा माणूस अहमद अल-अहमद, सीरियात जन्मलेला, फळांचं दुकान चालवणारा. त्याला स्वतःला गोळ्या लागल्या.

काल आम्ही सातआठ मराठी घरं बाँडाय पॅव्हिलियनशी फुलं ठेवून आलो. मग रक्तदानाला. रांग इतकी की नाव नोंदवायला ऑनलाइन तास गेला. माझ्यापुढे एक हिजाबवाली मुलगी, मागे किपा (ज्यू टोपी) घातलेले आजोबा. आजोबांना वयामुळे घेतलं नाही, तरी ते रांगेतून हलेनात, पाण्याच्या बाटल्या वाटत बसले. बायको म्हणाली, आपल्या मंडळाच्या रक्तदान शिबिराला एवढी गर्दी झाली असती तर!

हसू आलं आणि मग वाईट वाटलं हसल्याचं.

भोचक | १६ डिसेंबर, सकाळी ११:४५

मी ऑक्टोबरमध्ये जे लिहिलं ते तसंच राहू दे. गाझाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण हनुक्काच्या मेणबत्त्या लावणाऱ्यांवर गोळ्या, याला 'पण' नाही. रक्तगट ओ निगेटिव्ह आहे, इथे मुंबईत त्याचा सिडनीला उपयोग नाही, तरी आज देऊन आलो.

गोंयचो_पावस | १६ डिसेंबर, दुपारी २:२०

@भोचक __/\__

अमेरिकेत मोंटाना राज्यात बिलिंग्ज गाव आहे. १९९३ च्या डिसेंबरात तिथे एका ज्यू घराच्या खिडकीतून वीट आली, पाच वर्षांच्या मुलाच्या खोलीत. खिडकीत हनुक्काची मेनोरा, म्हणजे त्या सणाची दिवटी, होती म्हणून. तिथल्या वर्तमानपत्राने पूर्ण पानभर मेनोराचं चित्र छापलं आणि हजारो घरांनी ते कापून आपापल्या खिडकीत लावलं. वीट कुठल्या घरावर मारायची, कळेना.

सुरंगी | २२ डिसेंबर, रात्री १२:२०

काल आठवी आणि शेवटची ज्योत होती.

गोंयचो_पावस यांचं वाचून मावशींना विचारलं, आमच्या खिडकीत आम्हीही मेनोरा लावू का. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "ती आमची आमच्याकडेच राहू दे. तुझी पणती लाव की." मग हळूच सांगितलं की गेल्या दोन वर्षांपासून त्या हनुक्काचे दिवे खिडकीत ठेवतच नाहीत. खरं तर रस्त्यावरून दिसावेत म्हणूनच ते खिडकीत ठेवायचे असतात. मुलाने तिकडून फोनवर सांगितलंय, आतल्या खोलीत लाव. यंदाही सात रात्री आतच लावले.

माळ्यावरून दिवाळीच्या पणत्या काढल्या. समोरचे, खालचे, वळणावरचे किराणावाले, सगळ्यांना सांगितलं. कशासाठी हे अर्ध्यांनी विचारलंही नाही, मावशींकडे काहीतरी आहे एवढ्यावर लावल्या. किराणावाले तेल देऊन वर म्हणाले, तेल्यांच्याच घरी तेल काय पाठवायचं! (मावशींना सांगितलं. पोट धरून हसल्या.)

साडेसहाला त्या दोघी बहिणी बाहेरच्या खोलीत आल्या. काचेच्या छोट्या पेल्यांत पाणी, वर खोबरेल, त्यात वाती. आठ आणि एक लावायची. धाकट्या बहिणीने पडदा बाजूला सारला, मावशींनी गज पुसले आणि पेले खिडकीत मांडले. मी खाली रस्त्यावर उभी होते. समुद्राचं वारं होतं, तिसरी सारखी विझत होती. खालून मी ओरडले, "मावशी, तिसरी!"

"दिसते मला," त्या वरून म्हणाल्या, "तुझीपण डावीकडची गेली बघ."